परब काका डेक तपासायला बसले की

परब काकांचा तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेला असेल. साठीचा एक माणूस, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून काहीतरी शोधतोय. मागे कसलंतरी विनोदी संगीत, आणि खाली लिहिलंय, ‘अंकलना काय सापडलं?’ माझ्या ऑफिसातल्या एकाने मला तो हसत हसत पाठवला, कारण मी दर रविवारी ‘त्या पत्त्यांच्या खेळाला’ जाते हे त्याला ठाऊक होतं. व्हिडिओच्या डाव्या कडेला पाच-सहा सेकंद एका बाईचा निळा कुर्ता दिसतो. ती मी. मी नुसती उभी आहे.

जे हसले त्यांचा मला राग आहेच. ज्याने तो काढला त्याचा जास्त आहे. आणि त्या निळ्या कुर्त्यातल्या बाईचा किती आहे ते विचारू नका. पण पिशवीत हात घालणारा तो माणूस कोण होता, हे एकदा कोणीतरी नीट सांगायला हवं, म्हणून हे लिहायला बसले.

सदानंद परब. गाव मालवणकडचं, राहायला डोंबिवली. आयुष्य एस.टी.त गेलं, आधी कंडक्टर, मग तिकीट तपासनीस, शेवटची बरीच वर्षं ठाण्यात खोपट डेपोला. रस्त्यात बस थांबवून चढायचे आणि पुढच्या थांब्यापर्यंत साठ माणसं तपासून उतरायचे. निवृत्तीनंतर ते जज झाले, म्हणजे कोर्टातले नव्हे, पत्त्यांच्या स्पर्धेतले.

पत्ते म्हटलं की आपल्याकडे लोकांना तीन पत्तीच आठवते. काकांच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी त्यांना लिफ्टमध्ये विचारलं होतं, “काय परब, रिटायर झाल्यावर जुगाराचा नाद?” काका त्यांना सहाव्या मजल्यापासून खालपर्यंत समजावत आले आणि खाली उतरल्यावर आणखी वीस मिनिटं थांबवून समजावलं. तेच थोडक्यात मीही सांगते. या खेळात राजा-राणी नसतात. ड्रॅगन, जादूगार, राक्षस असतात, आणि हजारो पत्त्यांतून प्रत्येकाने आपले साठ निवडून आणायचे असतात. त्या साठांना डेक म्हणतात. कुठले साठ, याची यादी स्पर्धेआधी जजकडे द्यायची. प्रत्येक पत्ता प्लॅस्टिकच्या पाकिटात घालायचा, त्याला स्लीव्ह म्हणतात. या साठ स्लीव्ह मागून अगदी एकसारख्या हव्यात, कारण एखादीचा कोपरा जरी वेगळा असला तरी खेळाडूला पत्ता न उलटता कळतो की आत काय आहे. म्हणून जज कुठल्याही फेरीच्या सुरुवातीला कुठल्याही टेबलाशी जातो, पिसून ठेवलेले दोन्ही डेक उचलतो आणि तपासतो. बाकीचे जज हे काम उरकायचे. परब काका ते करायचे.

या खेळात ते आले मुलीवर नजर ठेवायला. शलाका तेव्हा इंजिनीअरिंगला होती आणि रविवारी नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये खेळायला यायची. ती कुणाबरोबर बसते ते पाहायला काका आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. वेळ जाईना म्हणून नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक उचललं. पुढच्या रविवारी येताना शब्दकोश घेऊन आले. चार रविवार वाचलं, आणि पाचव्या रविवारी एका जजने दिलेला निर्णय ऐकून उठून उभे राहिले. “साहेब, हे कलम तुम्ही अर्धंच वाचलंत. पुढे ‘परंतु’ आहे.” सगळा हॉल हसला. जजने पुस्तक उघडलं, तर पुढे ‘परंतु’ होता. त्या वर्षाअखेर काकांनी जजची परीक्षा दिली. शलाका नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि तिचा खेळ सुटला. काकांचा सुटला नाही.

काका तपासायला बसले की आधी हात धुऊन यायचे आणि खिशातल्या रुमालाने एकेक बोट पुसायचे. डेक टेबलावर ठेवला की लगेच उलटायचे नाहीत. मान खाली घालून डोळे टेबलाच्या पातळीला आणायचे आणि साठ पत्त्यांच्या कडा चारही बाजूंनी पाहायचे. मग एकेक पाठ उजेडाकडे तिरकी धरून. जी स्लीव्ह वेगळी वाटेल ती न बोलता बाजूला. हे संपल्यावरच बाजूला काढलेले पत्ते उलटायचे. मी त्यांच्या हाताखाली नवीन होते तेव्हा एकदा आधीच पत्ते उलटून यादीशी जुळवायला घेतले, तर माझ्या हातातून डेक काढून घेतला.

“अगं, पत्ता कुठला हे आधी बघितलंस की मग डोळ्याला हवं तेच दिसतं. आधी पाठ. पाठ बघताना तुला माहीतच नको आत कोण आहे.”

बाजूला काढलेल्या स्लीव्हमध्ये सतरा प्रकारचे पत्ते निघाले तर ती झीज. सगळे एकाच कामाचे निघाले तर मात्र काका पेनाचं टोपण काढायचे. “चूक की चलाखी, एवढंच आपल्याला शोधायचंय,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चूक करणारा माणूस लगेच तावातावाने बोलायला लागतो, आणि बिनतिकीट माणूस खिडकीबाहेर बघतो, हे त्यांचं एस.टी.तलं शास्त्र. ते इथेही चालायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

चुकीलाही शिक्षा असायचीच. शलाका एकदा सुट्टीला आली आणि हौसेने खेळायला बसली. तिचं टेबल तपासणीत आलं. एका फेरीत दोन-तीन डाव होतात आणि मधे राखीव पत्ते बदलता येतात; आधीच्या फेरीत तसा घातलेला एक पत्ता परत काढायचा राहून गेला होता. यादीत नसलेला पत्ता डेकमध्ये. काकांनी दुसऱ्या जजला बोलावलं, त्याच्यापुढे डेक ठेवला आणि म्हणाले, “ही माझी मुलगी आहे, निर्णय तुम्ही द्या. पण नियमात एक डाव जातो, तेवढं लक्षात असू द्या.” तिचा डाव गेला. “बाबा, ही तुमची बस नाहीये,” असं ती सगळ्यांसमोर म्हणाली आणि जेवायला त्यांच्या शेजारी बसली नाही. काकांनी डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि मला म्हणाले, “भाजीत मीठ जास्त झालंय.” भाजी त्यांनीच केली होती.

आणि हाच माणूस स्वतःच्या पिशवीत काळ्या स्लीव्हची दोन-तीन पाकिटं घेऊन फिरायचा. खडवलीहून एक मुलगा यायचा, गॅरेजमध्ये कामाला, त्याच्या स्लीव्ह ऑइलच्या बोटांनी डागाळलेल्या असायच्या. काकांनी त्याला वॉर्निंग दिली, पाकीट दिलं, आणि त्याच्या शेजारी बसून साठच्या साठ पत्ते स्वतः नव्या स्लीव्हमध्ये घातले. जुन्या गोळा करून कचऱ्यात टाकल्या. असं किती जणांचं केलं याला गणती नाही, आणि कितीतरी वेळा शेजारी बसून मीही ते केलं. हातांना तशी सवयच लागली.

त्या सवयीने काकांचा घात केला. म्हणजे मी केला. सवयीच्या नावावर ढकलायला मला आवडेल, पण ते खरं नाही.

गेल्या वर्षी कोलशेतला एका उंच टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये मोठी स्पर्धा होती. भरवणारा निखिल. त्याचं पत्त्यांचं दुकान आहे आणि ठाणे ते कल्याण सगळ्या स्पर्धा तोच भरवतो. काका मुख्य जज, मी त्यांच्या हाताखाली. खेळाडूंत आर्यन होता. हा आर्यन खेळतो चांगला आणि व्हिडिओ त्याहून चांगले करतो. त्याच्यामुळे निखिलच्या स्पर्धांना गर्दी होते. सेमीफायनल सगळ्या फोनवर लाईव्ह दिसणार होती.

सेमीफायनलच्या आधी काकांनी आर्यनचा डेक उचलला. हात धुतले, बोटं पुसली, कडा पाहिल्या. चार स्लीव्ह बाजूला काढल्या आणि मला जवळ बोलावलं.

“केतकी, काय दिसतंय?”

चारहींचा एकच कोपरा नखाने दाबल्यासारखा जरासा मुडपलेला. पिसताना बोटाला लागेल इतकाच.

“आता उलट.”

मी उलटले. चारही ड्रॅगन. आर्यनचा सगळा डेक ज्यांच्यावर उभा होता तेच चार. बाकी छप्पन्नांना ओरखडाही नाही.

“दिसलं?”

“दिसलं, काका.”

बाद करायला दोन जजांनी पाहिलेलं लागतं, आणि त्याआधी खेळाडूचं म्हणणं ऐकायचं असा नियम आहे. काका आर्यनला घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये गेले आणि जाताना मला म्हणाले, “डेक सांभाळ.” एवढे दोनच शब्द. काचेतून मला दिसत होतं, काका विचारत होते आणि आर्यन खिडकीबाहेर खाडीकडे बघत होता.

तेवढ्यात निखिल आला. “अगं काय चाललंय? लाईव्ह लोक थांबलेत! मार्क्ड स्लीव्ह आहेत ना? मग बदल आणि दे वॉर्निंग, रोजचं आहे हे!” त्याने नवं पाकीट फोडून माझ्यापुढे टाकलं आणि स्वतःच पत्ते सोलायला घेतले. आणि मी, जिने चार ड्रॅगन डोळ्यांनी पाहिले होते, ती मी त्याच्या बरोबरीने पत्ते सोलायला लागले. मनात एवढंच, की आम्ही दोघांनी पाहिलंय, आता स्लीव्ह बदलल्याने काय बिघडतंय? साठ पत्ते नव्या स्लीव्हमध्ये गेले. जुन्या निखिलने हाताने गोळा करून चहाच्या कपांच्या पिशवीत टाकल्या.

काका परत आले. टेबलाकडे पाहिलं.

“ह्या काय केलंस गो?”

ते मालवणीत बोलले की समजावं, फार झालं. मी काय केलंय ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. मुडपलेला कोपरा हा नुसता प्लॅस्टिकचा मुडपलेला कोपरा असतो. त्याच्या आत ड्रॅगन होता, यालाच पुरावा म्हणतात. पत्ता काढला की पुरावा संपला. हे जगात दुसऱ्या कुणाला सांगितलं तर कळणार नाही, पण मी जज होते, मला कळायला हवं होतं.

काकांनी पिशवी ओढली आणि हात घातला. चहा, समोशाची चटणी, ओले कागद. एकेक स्लीव्ह काढून रुमालावर मांडत गेले. आर्यनने फोन काढला. चारही मुडपलेल्या स्लीव्ह काकांना सापडल्या, हे त्या व्हिडिओत नाही. ते त्याने कापलंय. सापडल्या तेव्हा आर्यन अगदी गोड आवाजात म्हणाला, “काका, पण यात कुठले पत्ते होते ते कसं कळणार? कचऱ्यात चुरगळल्या असतील ना.”

“केतकीने बघितलंय,” काका म्हणाले. कसलीही शंका नसल्यासारखे. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

निखिलने माझ्याकडे पाहिलं. हॉल बघत होता, फोन बघत होते. ‘हो, पाहिलं’ म्हटलं की पुढचा प्रश्न होता, मग टाकल्यास कशाला? आणि महिन्याभराने डोंबिवलीच्या स्पर्धेला मुख्य जज म्हणून निखिलने माझं नाव घेतलं होतं.

“मी... नीट बघितलं नाही,” मी म्हटलं. “घाईत होते.”

आर्यन सेमीफायनल खेळला, जिंकला, फायनलही जिंकला. काकांनी ते दोन्ही सामने उभं राहून, सगळे निर्णय बरोबर देत पार पाडले. मग हात धुतले आणि घरी गेले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. चौथ्या दिवशी निखिलने जजांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘परब काका आता विश्रांती घेणार आहेत. थँक यू काका’, पुढे हात जोडल्याचं चित्र, केकचं चित्र. विश्रांती! ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचं खरं-खोटं पाहिलं, त्याच्यावर खोटा आळ घेतल्याचा शिक्का मारून वर केक. ग्रुपवर चाळीस जणांनी हात जोडले. त्या चाळिसात मी होते. सोसायटीतले ते लिफ्टवाले गृहस्थ त्यांना काय म्हणाले असतील याचा विचार मी अजूनही करते आणि अजूनही माझे दात आवळले जातात.

डोंबिवलीच्या स्पर्धेला मी मुख्य जज होते. नावनोंदणीच्या रांगेत परब काका उभे होते. खेळाडू म्हणून. शलाकाचा जुना डेक, सुवाच्य अक्षरात लिहिलेली यादी. माझ्यापुढे यादी ठेवली आणि म्हणाले, “मोजून घ्या.” मला ते ‘अगं’ म्हणायचे. हे ‘घ्या’ मला कानाखाली बसल्यासारखं लागलं.

ते खेळायला अगदीच कच्चे. नियम सगळे पाठ, पण डाव कळायचा नाही. पहिल्या फेरीत हरायचे, दुसऱ्या फेरीत हरायचे, संध्याकाळपर्यंत हरत बसायचे. पुढच्या स्पर्धेला परत हजर. पोरं हसायची. असं तीन स्पर्धा चाललं. ते कशासाठी येतायत हे मला तिसऱ्या वेळी कळलं, जेव्हा पहिल्या फेरीच्या जोड्या लागल्यावर ते भिंतीवरच्या यादीत स्वतःचं नाव नव्हे तर समोरचं नाव आधी वाचताना दिसले.

चौथ्या स्पर्धेत कॉम्प्युटरने त्यांची जोडी आर्यनशी लावली. दोघांनी डेक पिसले, एकमेकांसमोर ठेवले. काकांनी हात वर केला.

“जज!”

बसमध्ये मागच्या सीटपर्यंत पोचेल असा आवाज. मी गेले.

“समोरच्या खेळाडूच्या स्लीव्ह तपासून हव्या आहेत.”

आर्यन हसला आणि शेजारच्याला फोन चालू करायला सांगितला. निखिल लांबून हाताने मला खुणावत होता, सोड, सोड. कुठल्याही खेळाडूला हे मागायचा हक्क आहे. मी डेक उचलला आणि जजच्या टेबलावर नेला. हात धुतले. मान खाली घालून कडा पाहिल्या, चारही बाजूंनी. साठही पाठी उजेडात धरल्या. मग उलटून पाहिलं. नवीकोरी पाकिटं, एक कोपरा इकडचा तिकडे नाही. त्याला काय वेड लागलंय, इतक्या सगळ्यानंतर परत तेच करायला?

ते चार ड्रॅगन माझ्या हातात होते. पाठ सगळ्यांकडे, तोंड माझ्याकडे. चार कोपऱ्यांना नख लावायला किती वेळ लागतो? आर्यन बाद झाला असता, व्हिडिओ उलटा फिरला असता, काकांचं नाव धुतलं गेलं असतं आणि माझंही. मला राग इतका होता की अंगठा त्या कोपऱ्यावर गेला होता, हे लिहायला मी लाजत नाही. लाज वाटायला माझ्याकडे त्याहून मोठी गोष्ट आहे. मी अंगठा काढला आणि डेक परत नेऊन ठेवला.

“स्लीव्ह स्वच्छ आहेत.”

काकांनी पहिल्यांदा वर पाहिलं. “तू स्वतः बघितलंस?”

“हो, काका.”

“मग स्वच्छ आहेत,” ते म्हणाले, आणि पत्ते हातात घ्यायला लागले. झालं. त्यांचा विषय संपला. जी बाई ‘बघितलं नाही’ म्हणून त्यांच्या जन्माच्या कामावर माती टाकून मोकळी झाली होती, तिने ‘बघितलं’ म्हटलं आणि त्यांना तेवढं पुरलं.

मला ते सहन झालं नाही. “आणि कोलशेतला नव्हत्या,” मी म्हटलं. आवाज माझ्या अंदाजापेक्षा खूप मोठा निघाला. “चार स्लीव्ह. चारही ड्रॅगन. काकांनी दाखवले आणि मी बघितले. स्लीव्ह मी आणि निखिलने काढल्या. मी त्या दिवशी सगळ्यांसमोर खोटं बोलले.”

निखिल खुर्च्या सरकवत माझ्याकडे यायला निघाला. आर्यनच्या मित्राचा फोन अजून चालूच होता. असू दे म्हटलं, चालू राहू दे. मी काकांकडे पाहत होते. काहीतरी म्हणतील, शिवी घालतील, मालवणीत काहीतरी सुनावतील.

काकांनी चष्मा नीट केला आणि हातातले पत्ते एकेक करून लावले.

“केतकी, फेरी चालू आहे,” ते म्हणाले. “बाकीच्या टेबलांना त्रास होतो. आणि तपासणीला अकरा मिनिटं गेली, आमच्या टेबलाला तेवढा वेळ वाढवून दे.”

मी चिठ्ठीवर अकरा लिहिलं, सही केली आणि त्यांच्या कोपराशी ठेवली. फेरी संपली, सगळी टेबलं उठली. आर्यन पाय हलवत घड्याळाकडे बघत होता, आणि काका मान खाली घालून एकेका पत्त्यावरची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचत, ती अकरा मिनिटं पुरती वापरत, सावकाश हरत होते.